काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत: कोल्हापुरात प्रथमच येणाऱ्यांसाठी एका दिवसाची आणि एका रात्रीची आखणी

कोल्हापुरात पहिल्यांदा येणारे बहुतेक प्रवासी सकाळी उशिरा शहरात पोहोचतात, भर दुपारच्या गर्दीत अंबाबाईच्या दर्शनरांगेत उभे राहतात, बाहेर पडल्यावर मिळेल त्या हॉटेलात तांबडा-पांढरा रस्सा घेतात, रंकाळ्यावर एक चक्कर मारतात आणि परतीच्या गाडीला लागतात. त्यांना शहर पाहिल्याचे समाधान मिळते, पण या शहराचा दिवस जसा उलगडतो तसा तो त्यांच्या वाट्याला येत नाही. कोल्हापूरच्या जुन्या पेठांचे वेळापत्रक आजही देवीच्या दिनक्रमाशी बांधलेले आहे. पहाटे देऊळ उघडले की महाद्वार रोडवरील फुलवाल्यांची दुकाने उघडतात आणि रात्री शेजारती झाली की तोच रस्ता तासाभरात रिकामा होतो. म्हणून नवख्या प्रवाशाला माझा पहिला सल्ला हाच असतो की, प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूला ठेवावी आणि देवीच्या दिनक्रमाला धरून आपला दिवस आखावा. मग मंदिरे, खाणे, बाजार आणि रात्रीची भटकंती या सगळ्यांना आपोआप योग्य वेळ मिळते.

वार आणि मोसम कसा निवडावा

शक्य असेल तर शुक्रवार निवडावा. शुक्रवार हा देवीचा वार असल्याने अंबाबाईच्या मंदिरात गर्दी असते हे खरे, परंतु त्याच रात्री मंदिराच्या आवारात देवीची पालखी निघते आणि तो सोहळा अन्य वारी सहसा पाहायला मिळत नाही. दुसरे कारण असे की, जोतिबाचा वार रविवार आहे. रविवारी आणि पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर भाविकांची रीघ लागते, तर शुक्रवारी तेथे तुलनेने निवांतपणे दर्शन होते. एकाच दिवसात दोन्ही देवस्थाने करणाऱ्याला हा हिशेब फार उपयोगी पडतो. ज्यांना गर्दी अजिबात सोसत नाही, लहान मुले किंवा वृद्ध माणसे सोबत आहेत, त्यांनी पालखीचा मोह सोडून बुधवार किंवा गुरुवार घ्यावा. शनिवार-रविवार आणि लागून आलेल्या सुट्ट्या मात्र पहिल्या भेटीसाठी टाळाव्यात.

वर्षातील काही दिवस वेगळे आहेत. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसेच ९, १० आणि ११ नोव्हेंबर या दिवसांत किरणोत्सव असतो. देवीचे मुख पश्चिमेला असल्यामुळे मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तर तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, असा हा सोहळा आहे. ढग, धूलिकण आणि वाटेत आलेली बांधकामे यांमुळे किरणे दर वेळी मुखापर्यंत पोहोचतातच असे नाही, याची मनाशी तयारी ठेवून यावे. शारदीय नवरात्रात शहर अपूर्व असते. ललित पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोली देवीच्या भेटीला टेकडीवर जाते आणि तेथे कोहळा फोडण्याचा विधी होतो, अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते आणि विजयादशमीला दसरा चौकात शाही सोहळा होतो. परंतु त्या दिवसांत या लेखातील आखणी चालणार नाही, कारण सगळा वेळ रांगेतच जातो. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर येतो, घाटावरील मंदिरे पाण्याखाली जातात आणि २०१९ व २०२१ सालच्या पुरांत तर शहराकडे येणारा महामार्गही बंद पडला होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा.

मुक्काम कुठे करावा

मुंबईहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाले की सकाळी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरता येते. मध्यवर्ती बसस्थानक, ज्याला येथे सर्वजण सीबीएस म्हणतात, रेल्वे स्थानकाजवळच आहे. या परिसरात लॉज भरपूर आहेत आणि गाडी पकडणे सोपे जाते. तरीही ज्याला पहाटेची काकड आरती आणि रात्रीची शेजारती दोन्ही घ्यायच्या आहेत, त्याने आदल्या संध्याकाळी शहरात यावे आणि मंदिराच्या पायी अंतरावर, म्हणजे महाद्वार रोड, ताराबाई रोड किंवा भवानी मंडपाच्या आसपासचे यात्री निवास किंवा धर्मशाळा पाहावी. खोली साधी मिळेल, पण पहाटे साडेचारला रिक्षा शोधण्याची वेळ येणार नाही. स्वतःची गाडी असेल तर ती बिंदू चौकाच्या वाहनतळावर लावून जुन्या शहरात पायीच फिरावे. महाद्वार रोड, गुजरी आणि पापाची तिकटी या भागांतील रस्ते अरुंद आहेत आणि तेथे गाडी नेणाऱ्याचा अर्धा दिवस जागा शोधण्यातच जातो.

पहाट: अंबाबाई

पहाटे पाचच्या आत मंदिरात असावे. या वेळी महाद्वार रोडवर फुलांच्या टोपल्या उघडत असतात, वेण्या आणि कमळे मांडली जात असतात आणि घाटी दरवाजाकडील मोठ्या घंटेचा नाद पेठांमधून दूरवर जातो. ओटी भरायची असेल तर साडी किंवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि वेणी असे साहित्य येथेच घ्यावे. दुकानदार ताट तयार करून देतात, मात्र ताटात काय काय आहे आणि त्याचे किती होतात हे आधी विचारून घ्यावे. चपला ठेवण्यासाठी दुकानदार जागा देतात व त्या बदल्यात त्यांच्याकडून फुले घ्यावीत अशी अपेक्षा असते. ती मान्य नसेल तर सार्वजनिक चप्पल स्टँड वापरावा.

पोशाख अंगभर असावा. देवस्थान समितीने अंबाबाई आणि जोतिबा या दोन्ही मंदिरांत तोकड्या कपड्यांना मनाई केली आहे, त्यामुळे दिवसभर जे कपडे घालून फिरणार तेच मंदिराला शोभतील असे निवडले म्हणजे पुन्हा खोलीवर जावे लागत नाही. गाभाऱ्यात आणि मंडपात फोटो काढू नयेत. मोबाईल बंद करून ठेवावा.

दर्शनाचे दोन मार्ग आहेत. मुख्य रांग गाभाऱ्याच्या जवळून नेते आणि मुखदर्शनाची रांग समोरच्या बाजूने, काही अंतरावरून देवीचे दर्शन घडवते. पहाटे मुख्य रांगही लवकर सरकते, म्हणून ती घ्यावी. दुपारी किंवा संध्याकाळी पुन्हा याल तेव्हा मुखदर्शन पुरेसे आहे. देवीची मूर्ती काळ्या पाषाणाची, साधारण तीन फुटांची, चतुर्भुज असून हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे व मागे सिंह आहे. आक्रमणांच्या काळात ही मूर्ती पुजाऱ्यांच्या घरी लपवून ठेवण्यात आली होती आणि १७१५ साली, करवीरच्या म्हणजे कोल्हापूरच्या गादीवरील छत्रपती संभाजी महाराजांच्या (राजाराम महाराजांच्या पुत्राच्या) कारकिर्दीत, विजयादशमीच्या दिवशी तिची मंदिरात पुन्हा स्थापना झाली. काही पिढ्यांनी देवीला देवळाबाहेर सांभाळले, हे ध्यानात ठेवून गाभाऱ्यासमोर उभे राहिले म्हणजे दर्शनाला वेगळाच अर्थ येतो.

दर्शन झाल्याबरोबर बाहेर पडू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. अंबाबाईच्या दोन बाजूंना महाकाली आणि महासरस्वती यांचे गाभारे आहेत, त्यांचे दर्शन घ्यावे. त्यानंतर उजाडू लागले की मंदिराला बाहेरून एक सावकाश प्रदक्षिणा घालावी. भिंतींच्या कोनांवर योगिनी, नर्तकी आणि वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रियांची शिल्पे आहेत. सकाळच्या तिरप्या उजेडात त्यांचे बारकावे जितके स्पष्ट दिसतात तितके दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. आवारात नवग्रहांचा मंडप, शेषशायी विष्णूचे देऊळ आणि दीपमाळा आहेत. बहुतेक लोक दर्शनरांगेतून थेट प्रसादाच्या खिडकीकडे जातात आणि हा सगळा दगडी संसार न पाहताच परततात. येथे अर्धा-पाऊण तास नक्की द्यावा.

न्याहारी आणि जुन्या शहराची फेरी

सकाळी साडेसात-आठला मिसळीची दुकाने गजबजू लागतात. उद्यमनगरातील फडतरे, कसबा बावड्यातील बावडा मिसळ, खासबागेतील मिसळ अशी नावे प्रसिद्ध आहेत आणि कोणती श्रेष्ठ यावर कोल्हापूरकरांचे कधीच एकमत होत नाही. पायी फिरणाऱ्याला खासबाग जवळ पडते. नवख्याने एवढे जाणून घ्यावे की, येथे मिसळीसोबत ब्रेडचे स्लाइस येतात आणि तिखटपणा कटात, म्हणजे वरच्या तर्रीदार रश्शात असतो, म्हणून कट वेगळा मागून आपल्याला झेपेल तेवढाच घालून घ्यावा. तिखट सोसत नसेल तर दही मागावे. त्यात कमीपणा नाही.

न्याहारीनंतर जुने शहर पायी पाहावे. मंदिरापासून पाच मिनिटांवर भवानी मंडप आहे. हा जुन्या राजवाड्याचा भाग असून आत छत्रपती घराण्याची तुळजाभवानी आहे. तेथून महाद्वाराच्या बाजूला परत आले की बिनखांबी गणेश लागतो. मंडपात खांब नसलेले हे देऊळ लहान आहे, पण पेठेतल्या माणसांचा दिवस येथे हात जोडूनच पुढे सरकतो. मग कपिलतीर्थ भाजी मंडईत शिरावे. मेथीच्या जुड्या आणि वांग्यांच्या ढिगांमधून वाट काढत आत गेले की करवीरचे ग्रामदैवत कपिलेश्वर भेटते. भाजी विकणाऱ्या मावशींना वाट विचारली तर त्या आनंदाने दाखवतात, आणि जाता जाता त्यांच्याकडून काही घेतले तर आणखी चांगले. ज्याला नवदुर्गांची ओढ आहे त्याने त्यांपैकी एक असलेल्या शिवाजी पेठेतील फिरंगाई देवीपर्यंत जावे. इतरांनी येथेच थांबून जोतिबाची तयारी करावी, कारण ऊन चढण्याआधी डोंगरावर पोहोचणे बरे.

जोतिबा

वाडी रत्नागिरी म्हणजे जोतिबाचा डोंगर कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरवर आहे. सीबीएसवरून एसटी बस मिळते. चौघेजण असतील तर रिक्षा किंवा गाडी ठरवणे सोयीचे, मात्र जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे मिळून किती घेणार हे बसण्यापूर्वीच ठरवावे. साडेनऊला निघालात तर साडेदहापर्यंत वर पोहोचता येते.

वाहनतळापासून देवळापर्यंत पायऱ्यांची उतरती वाट आहे. येताना त्याच पायऱ्या चढायच्या असतात, म्हणून गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी सोबत पाणी ठेवावे आणि घाई करू नये. वाटेवर दोन्ही बाजूंना गुलाल, खोबरे आणि दवणा विकणाऱ्यांची दुकाने आहेत. येथे गुलाल कपड्यांना लागतोच. पायऱ्या, भिंती, माणसे, सगळे गुलाबी झालेले असते. पांढरे किंवा जपून वापरायचे कपडे घालून येऊ नये, आणि गुलाल लागला म्हणून कोणावर चिडू तर मुळीच नये, कारण तो येथे देवाचा प्रसाद मानला जातो. मोबाईल आणि चष्मा रुमालात गुंडाळून ठेवला तर पुढचा दिवस सुखाचा जातो.

आवारात तीन मुख्य देवळे आहेत. जोतिबा म्हणजे केदारनाथाचे सध्याचे देऊळ १७३० साली राणोजी शिंदे यांनी बांधले, केदारेश्वराचे देऊळ १८०८ साली दौलतराव शिंदे यांनी बांधले आणि तिसरे रामलिंगाचे आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे हे कुलदैवत असल्याने त्यांची सेवा येथे पिढ्यान्‌पिढ्या दिसते. दर्शन घेताना सगळे एका आवाजात "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणतात. तुम्हीही म्हणावे. नवख्या माणसाने मोकळ्या गळ्याने चांगभलं म्हटले की शेजारी उभा असलेला गावकरी त्याला आपल्यातला धरतो, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. मुख्य देवळानंतर थोड्या अंतरावर यमाईचे देऊळ आहे, तेथेही जाऊन यावे.

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत उंचच उंच सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या सजवलेल्या काठ्या, नाचवल्या जातात आणि लाखो भाविक डोंगरावर येतात. माघातल्या रविवारी कोल्हापूरकर पायी डोंगर चढतात, त्याला खेटे घालणे म्हणतात. ज्याला चालण्याची सवय आहे त्याने पुढच्या एखाद्या वर्षी खेट्यांना यावे. पहिल्या भेटीत मात्र बसच बरी.

दुपार: जेवण आणि विश्रांती

एक-दीडच्या सुमारास शहरात परत येता येते. आता जेवणाचा प्रश्न येतो आणि येथे थोडा विचार करावा लागतो. कोल्हापूरची बहुतेक घरे देवदर्शनाला जाण्याआधी मांसाहार करत नाहीत. तुम्ही शुक्रवारी आला असाल आणि रात्री पालखीला जाणार असाल तर दुपारी शाकाहारी जेवावे. मंदिराजवळच्या अन्नछत्रात दुपारी भाविकांना प्रसादाचे जेवण मिळते, तेथे पंगतीत बसून जेवणे हाही या दिवसाचा भाग आहे. अन्नछत्रात ताटात काही टाकू नये आणि जाताना यथाशक्ती देणगी द्यावी. अशा वेळी मटणाचा बेत दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवावा.

रात्री मंदिरात जायचे नसेल तर दोन्ही दर्शने उरकलेली असल्यामुळे दुपारी मटणाची थाळी घ्यायला हरकत नाही. थाळीत सुक्के मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, भात आणि कांदा-लिंबू असते. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, तीळ, खसखस वाटून केलेला असतो. तो वाटीने प्यावा, कारण तो जेवणाची भूक उघडतो आणि तांबड्या रश्श्याचा जाळ शमवतो. रस्सा पुन्हा मागण्यात संकोच नको, बहुतेक ठिकाणी तो आग्रहाने वाढतात. मात्र गर्दीच्या हॉटेलात नाव सांगून थांबावे लागते, तेव्हा एकच्या आत किंवा अडीचनंतर जावे.

जेवणानंतर दोन तास झोप घ्यावी. पहाटे साडेचारला उठलेला माणूस ही झोप टाळतो आणि मग रात्री नऊला, जेव्हा शहर खुललेले असते, तेव्हा त्याचे डोळे मिटू लागतात. कोल्हापूरही दुपारी सुस्तावलेले असते, त्यामुळे काही चुकत नाही.

तिसरा प्रहर ते सूर्यास्त

साडेचारला उठून चहा घ्यावा आणि दोनपैकी एक ठिकाण निवडावे. दोन्ही करण्याचा हट्ट धरू नये.

पहिले म्हणजे शहराच्या पूर्वेकडील त्र्यंबोलीची टेकडी, जिला कोल्हापूरकर टेंबलाई म्हणतात. तेथून शहर दिसते आणि वाराही सुखद असतो. आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी पेठापेठांतून तरुण मंडळे पंचगंगेचे नवे पाणी घेऊन पी-ढबाक ही पारंपरिक वाद्ये वाजवत त्र्यंबोलीला येतात. ती मिरवणूक अंगात भिनते. दुसरे म्हणजे पंचगंगेचा घाट. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच प्रवाहांची ही नदी आहे. घाटाच्या पायऱ्यांवर लहानमोठी दगडी देवळे आहेत आणि कार्तिक पौर्णिमेच्या पहाटे हा घाट असंख्य पणत्यांनी उजळतो. पावसाळ्यात पाण्याचा अंदाज न घेता पायऱ्या उतरू नये.

सूर्यास्ताला रंकाळ्यावर असावे. तलावाचा घेर साधारण चार किलोमीटरचा आहे. पश्चिमेला शालिनी पॅलेस, पाण्यात संध्यामठ आणि काठावर नंदीचे देऊळ. पाणी कमी असते तेव्हा संध्यामठाचे दगडी खांब स्पष्ट दिसतात. पूर्ण फेरी मारायला तास लागतो. तेवढा वेळ नसेल तर चौपाटीच्या बाजूला काठावर बसावे. अंधार पडू लागला की चौपाटीवर भेळ, रगडा, कणीस आणि आइस्क्रीमच्या गाड्यांभोवती कुटुंबेच्या कुटुंबे जमतात. कोल्हापूरची रात्र येथून सुरू होते.

रात्र

मोठ्या शहरांतल्या नाइटलाइफची कल्पना मनात घेऊन येणाऱ्याने आधीच समजून घ्यावे की, कोल्हापूरची रात्र कट्ट्यावर, गाड्यावर, तालमीच्या पायरीवर आणि देवळाच्या आवारात जागते. शहरात परमिट रूम आहेत, परंतु देवदर्शनाच्या दिवशी त्यांचा विचार करू नये, आणि रंकाळ्याच्या काठावर किंवा कोणत्याही उघड्या जागी मद्यपान करणे हा गुन्हा आहे हे ध्यानात ठेवावे. या शहराला रात्र साजरी करण्यासाठी त्याची गरजही पडत नाही.

सात ते साडेआठ हा वेळ बाजारासाठी ठेवावा. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनमध्ये कोल्हापुरी चपलांची ओळीने दुकाने आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे येतात. अस्सल चप्पल पूर्ण चामड्याची असते. तळ वाकवून पाहावा, शिवण चामड्याच्या वादीची आहे का ते बघावे आणि आत पुठ्ठा किंवा रेक्झिन तर नाही ना हे दुकानदाराला सरळ विचारावे. चप्पल प्रथम थोडी आवळच घ्यावी, वापरून ती सैल होते. नव्या चपलेला तेल लावून दोन-तीन दिवस घरात वापरली तर ती पायाला चावत नाही. म्हणून याच रात्री ती घालून फिरण्याचा मोह आवरावा. दागिन्यांची आवड असणाऱ्यांनी गुजरीत कोल्हापुरी साज हा गळ्यातला दागिना पाहावा. घ्यायचा नसला तरी त्यातील एकेक पान न्याहाळण्यासारखे असते.

तेथून खासबागेकडे यावे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेले खासबाग कुस्ती मैदान येथेच आहे. मातीच्या हौदाभोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे कोठेही बसलेल्या प्रेक्षकाला कुस्ती दिसते. कुस्त्यांचे मैदान ठरलेले असेल तर बाकीचा बेत रद्द करून तेथेच बसावे, इतके मी ठामपणे सांगेन. शेजारचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ साली पॅलेस थिएटर या नावाने सुरू झाले होते. ८ ऑगस्ट २०२४ रोजी लागलेल्या आगीत त्याचे मोठे नुकसान झाले. ती रात्र कोल्हापूरच्या कलावंतांनी आणि रसिकांनी रस्त्यावर उभे राहून काढली, आणि आजही त्या वास्तूसमोरून जाताना जुनी माणसे क्षणभर थांबतात. नाटक पाहायचे असेल तर प्रयोग कोणत्या नाट्यगृहात आहे ते आधी तपासावे. मैदानाला लागूनच खाऊ गल्ली आहे. राजाभाऊंची भेळ बहुतेकांच्या तोंडी असते. ती आंबट, तिखट आणि चुरमुऱ्यांनी भरलेली असते. एकाच गाड्यावर पोट भरू नये, दोघांत एक अशी मागवत पुढे जावे.

शुक्रवार असेल तर सव्वानऊपर्यंत मंदिरात पोहोचावे. पालखी साडेनऊच्या सुमारास निघते. सनई-चौघड्याचे सूर, भालदार-चोपदार, फुलांनी सजलेली पालखी आणि तिच्यामागे चालणारे पेठेतले लोक असा तो सोहळा आवारातच प्रदक्षिणा घालतो. आवारात कडेला उभे राहावे, पालखीच्या वाटेत मोबाईल उंचावून थांबू नये. वृद्ध बायका येथे नेमाने येतात, त्यांच्यासाठी पुढची जागा सोडावी. त्यानंतर दहाच्या सुमारास शेजारती होते. इतर वारी सहसा पालखी नसते, शेजारती मात्र रोज असते आणि त्या वेळी रांग नसल्यासारखीच असल्यामुळे सकाळी ज्यांना घाईत पुढे सरकावे लागले त्यांना थोडे अधिक थांबता येते.

शेजारतीनंतर गंगावेशीतील दूध कट्ट्यावर जावे, अंतर पायी जाण्याजोगे आहे. गवळी म्हशी घेऊन येतात आणि ग्राहकासमोर धार काढून फेसाळते दूध ग्लासात देतात. वेळ फार झाला आणि म्हशी परत गेल्या असे होऊ नये म्हणून पालखी पाहणार नसाल तर आठ-साडेआठलाच तेथे जाऊन यावे. या परिसरात जुन्या तालमी आहेत आणि पैलवानांचे शहर म्हणून कोल्हापूरची जी ओळख आहे तिला हे दूधच कारण, असे गवळी अभिमानाने सांगतात. दिवाळीत हेच गवळी आपल्या म्हशींची शिंगे रंगवतात, त्यांना मोरपिसांनी आणि घुंगरांनी नटवतात आणि त्यांच्या शर्यती लावतात. धारोष्ण दूध ज्याला सवयीचे नाही त्याने, तसेच लहान मुलांसाठी आणि गर्भवती स्त्रियांसाठी, तापवलेले दूध घ्यावे. याबाबतीत भिडेला बळी पडू नये.

अकरानंतर जुने शहर झपाट्याने शांत होते. रात्र चढते तशा केएमटीच्या (महापालिकेच्या शहर बससेवेच्या) बसच्या फेऱ्या कमी होतात, त्यामुळे स्टेशन किंवा राजारामपुरीकडे मुक्काम असणाऱ्यांनी शिवाजी चौकातून किंवा सीबीएसवरून रिक्षा घ्यावी आणि भाडे बसण्याआधी ठरवावे. वाट चुकल्यास तालमीच्या किंवा तरुण मंडळाच्या कट्ट्यावर बसलेल्या मुलांना विचारावे, त्यांच्यापैकी कोणीतरी बहुधा चौकापर्यंत सोडायलाच येतो. अडचण आली तर ११२ या क्रमांकावर पोलिसांची मदत मिळते.

परतीचे नियोजन

मुंबईकडे जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री नऊच्या सुमारास सुटते, म्हणजे त्याच दिवशी तिने परतायचे ठरवले तर पालखी आणि शेजारती दोन्ही हुकतात. म्हणून रात्रीचा मुक्काम धरूनच तिकीट काढावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळा वेळ असेल आणि मन देवदर्शनातच रमले असेल तर शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी आणि तेथून पुढे खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर करता येते, परंतु त्याला पूर्ण दिवस लागतो. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपाच्या छतातील वर्तुळाकार मोकळ्या जागेतून दिसणारे आभाळ पाहायचे असेल तर दुपारी बाराच्या आत तेथे पोहोचावे. अर्धाच दिवस हाताशी असेल तर पन्हाळा गाठावा किंवा शहरातच राहून राहिलेली मटणाची थाळी घ्यावी, शाहू मार्केट यार्डातून गुळाची ढेप घ्यावी आणि दुपारच्या गाडीने निघावे. गूळ घेताना फार पिवळाधमक रंग पाहून भुलू नये. किंचित तपकिरी, कणीदार आणि चव घेतल्यावर खारट न लागणारा गूळ निवडावा.